दुभाष्याची निष्ठा : मॅकवर चालणारे विंडोजचे गेम



कलाकृती आणि तिची प्रत, मूळ आणि भाषांतर यांविषयी या मालिकेत आपण अधूनमधून बोलत आलो आहोत. आज त्याच प्रश्नाचं असं एक उदाहरण घेऊ, जे तुमच्यापैकी काहींच्या मांडीवर आत्ता उघडंच असेल. लॅपटॉप मॅक आहे, आणि खेळायचा गेम विंडोजसाठी लिहिलेला आहे. तो चालवायचा कसा, हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांची जागा घेण्याचा आमचा विचार नाही. आम्हाला विचारायचं आहे ते असं : विंडोजसाठी लिहिलेला गेम मॅकवर चालला, तर जे चाललं ते काय? तोच गेम, की त्याची सावली? आणि तो चालवण्याचे जे निरनिराळे मार्ग आहेत, त्यांत चांगला कोणता हे ठरवायचं कशावर?

सत्तरी ओलांडलेल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना या भानगडीत कशाला पडायचंय, असं कुणी मनात म्हणेल. कारण सरळ आहे. मूळ आणि भाषांतर यांचा वाद साहित्यात शतकानुशतकं चालतो आणि कुणाचंच काही बिघडत नाही. इथे मात्र पैसे मोजलेले असतात, आवडीचं काम असतं, आणि एके दिवशी ते उघडायचंच थांबतं. तत्त्वज्ञानाच्या प्रश्नाला इतकं रोखठोक उत्तर फार क्वचित मिळतं.

या विषयात एक रूढ मत आहे. मॅकसाठीच बांधलेली आवृत्ती, म्हणजे ज्याला नेटिव्ह म्हणतात ती, खरी. बाकी सगळं जुगाड. आजचं आमचं टीकेचं लक्ष्य हे मत आहे. ते एका क्षणापुरतं बरोबर असतं, पण काळाच्या कसोटीवर टिकत नाही, असं आम्ही म्हणणार आहोत.

आधी गेम म्हणजे काय ते पाहू. चित्र भिंतीवर टांगलं की ते आहे. पुस्तक मिटलेलं असलं तरी त्यातले शब्द जागेवर आहेत. डिस्कवर पडलेली गेमची फाईल मात्र गेम नव्हे. ती सूचनांची आणि मागण्यांची एक लांबलचक यादी आहे. नाटकाची संहिता आणि प्रयोग यांत जे नातं, तेच इथे आहे. फरक एवढाच की हा प्रयोग यंत्र करतं आणि त्यातलं मुख्य पात्र प्रेक्षकच असतो.

ही यादी तीन भाषांत बोलते. पहिली भाषा प्रोसेसरची. विंडोजचे बहुतेक गेम इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६ भाषेत लिहिलेले असतात. मॅकमध्ये नोव्हेंबर २०२० पासून ॲपलचे स्वतःचे एम मालिकेतले प्रोसेसर आले. त्यांची भाषा एआरएम. दुसरी भाषा ऑपरेटिंग सिस्टीमची. 'खिडकी उघड', 'ही फाईल वाच', 'हा आवाज वाजव' अशा शेकडो विनंत्या गेम सतत करत असतो, आणि त्या विंडोजनं ठरवून दिलेल्या नावांनीच करतो. तिसरी भाषा चित्र काढण्याची. विंडोजवर ती डायरेक्टथ्रीडी, मॅकवर मेटल. म्हणजे एक गेम चालवायला तीन दुभाषे लागतात, आणि तिघांनी एकाच वेळी, सेकंदाच्या साठाव्या भागात, बोलणं पुरं करायचं असतं.

आता मार्ग. पहिला मार्ग बूट कॅम्पचा होता. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलनं बूट कॅम्पची चाचणी आवृत्ती दिली. यात भाषांतर नव्हतंच. मॅक बंद करायचा, तेच यंत्र विंडोज म्हणून सुरू करायचं. घर आपलं, पण खेळताना भाडेकरू राहायला आलेला आणि आपण बाहेर, अशातला प्रकार. एम मालिकेच्या मॅकवर हा मार्ग बंद झाला. दुसरा मार्ग पॅरलल्ससारख्या प्रणालीचा. आपल्याच घरातल्या एका खोलीत विंडोजचा पूर्ण संसार थाटायचा. आजच्या मॅकवर ते विंडोजही एआरएमचं असतं, आणि जुने एक्स८६ कार्यक्रम ते स्वतःच भाषांतरित करून घेतं. डायरेक्टएक्स ११ पर्यंत हे निभावतं. १२ मागणारे नवे गेम तिथे अडतात. तिसरा मार्ग क्लाउडचा : गेम दूरच्या यंत्रावर चालतो, आपल्याकडे त्याचं चित्र येतं आणि आपल्या बोटांची हालचाल तिकडे जाते. यावर आम्ही थोडकंच बोलू. गेम मॅकवर चालतो की नाही हा प्रश्न तो सोडवत नाही, नेटचा वेग किती आणि वर्गणी किती एवढ्यावर तो आणून ठेवतो.

आज आपल्याला बोलायचंय ते चौथ्या मार्गावर : वाइन. हे काम १९९३ मध्ये लिनक्ससाठी सुरू झालं आणि पहिली पक्की, म्हणजे १.० क्रमांकाची आवृत्ती यायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षं! नावाचा विस्तार मोठा मजेदार आहे : 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर'. आपण काय नाही, हे नावातच सांगणारी ही गोष्ट आहे. आमच्या शास्त्रातल्या 'नेति नेति'ची आठवण यावी.

हे 'नाही' महत्त्वाचं आहे. एम्युलेटर परक्या यंत्राचं सोंग घेतो. वाइन यंत्राचं सोंग घेत नाही. ते विंडोजची फाईल उचलतं, स्मृतीत मांडतं, आणि गेमनं विंडोजच्या नावानं मारलेल्या प्रत्येक हाकेला स्वतः ओ देतं. 'सी ड्राइव्ह कुठे आहे?' असं गेमनं विचारलं की एक साधं फोल्डर पुढे केलं जातं, आणि तोच सी ड्राइव्ह. विंडोजची रजिस्ट्री मागितली की एक मजकुराची फाईल पुढे येते. यात मायक्रोसॉफ्टनं लिहिलेल्या विंडोजची एक ओळही असावी लागत नाही. हाक तीच, ओ देणारा दुसरा. आणि गेमला फरक कळत नाही.

असं दुसऱ्याच्या हाकेला ओ देणं कायद्यानं योग्य का, असंही कुणी विचारेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल या खटल्यात जवळचा प्रश्न हाताळला. जावाच्या हाकांची नावं आणि मांडणी गूगलनं घेतली, आतलं काम बरंचसं स्वतः लिहिलं; न्यायालयानं हा 'न्याय्य वापर' ठरवला. खटला वाइनचा नव्हता, पण हाक आणि ओ यांतला भेद तिथे मध्यवर्ती होता.

मॅकवर वाइन पोचवण्याचं मोठं काम कोडवीव्हर्स या कंपनीनं केलं. तिचं क्रॉसओव्हर हे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर वाइनवरच उभं आहे, आणि त्या पैशांतून वाइन लिहिणाऱ्यांचे पगार निघतात. जून २०२३ मध्ये ॲपलनं गेम पोर्टिंग टूलकिट जाहीर केलं. त्याचा पायाही क्रॉसओव्हरच्या खुल्या सांकेतिक मजकुराचाच होता. त्यात ॲपलनं स्वतःची एक मोलाची भर घातली : डीथ्रीडीमेटल, जे डायरेक्टथ्रीडीची भाषा थेट मेटलमध्ये आणतं. त्यापूर्वी वाट लांबची होती. डीएक्सव्हीके हे डायरेक्टथ्रीडीचं व्हल्कन नावाच्या तिसऱ्या भाषेत रूपांतर करायचं, आणि मॅकला व्हल्कन येत नसल्यानं मोल्टनव्हीके त्याचं पुन्हा मेटल करायचं. दुभाष्यालाही दुभाष्या लागायचा. या सगळ्याखाली रोझेटा २ असतं, जे एक्स८६ च्या सूचना एआरएममध्ये उतरवतं.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे. इतके हात लागल्यावर जे पडद्यावर येतं, ते तेच काम राहतं का?

इथे भर्तृहरीची मदत घेऊ. वाक्यपदीयाच्या पहिल्या कांडात एक भेद केला आहे. शब्दाचं खरं रूप, स्फोट, हे एक. आणि ते ज्यातून प्रकट होतं तो ध्वनी दुसरा. ध्वनीतही दोन प्रकार : प्राकृत ध्वनी, ज्याच्यामुळे शब्द ओळखू येतो, आणि वैकृत ध्वनी, ज्याच्यामुळे उच्चार भरभर, मध्यम किंवा सावकाश होतो. भर्तृहरीचं म्हणणं असं की उच्चाराचा वेग बदलला, म्हणजे वृत्तिभेद झाला, तरी शब्द बदलत नाही. कुणी मंत्र झरझर म्हटला, कुणी संथ म्हटला, मंत्र एकच.

गेमच्या समीक्षेत जो आकडा सर्वांत आधी विचारला जातो, तो असाच वृत्तीचा आकडा आहे : सेकंदाला फ्रेम किती? विंडोजच्या यंत्रावर ६०, मॅकवर भाषांतरातून ४०. आता एखादा पाळी-पाळीनं खेळायचा गेम घ्या, नगर वसवण्याचा, बुद्धिबळाच्या जातीचा. ४० फ्रेमनं काय बिघडलं? सैन्य तेच, नियम तेच, तुमची चूकही तीच. वृत्ती बदलली, शब्द तोच राहिला. भर्तृहरी इथे पूर्ण लागू पडतो. अशा गेमला 'मॅकवर खरा चालत नाही' असं म्हणणं म्हणजे संथ म्हटलेल्या मंत्राला अशुद्ध म्हणणं आहे.

पण सगळे गेम असे नसतात. 'सेकिरो' हा फ्रॉमसॉफ्टवेअरचा २०१९ मधला गेम घ्या. याची मॅक आवृत्ती नाही. या गेमचा सगळा अर्थ एका कृतीत आहे : समोरच्याची तलवार अंगावर येते त्या नेमक्या क्षणी आपली तलवार आडवी करायची. ६० फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम सुमारे साडेसोळा मिलिसेकंदांची होते, ३० च्या हिशेबात तेहतीस. आणि सरासरीपेक्षाही त्रासदायक असते ती मध्येच येणारी अडखळ. नवीन दृश्य आलं की त्याचे शेडर, म्हणजे प्रकाश-रंगाचे छोटे कार्यक्रम, भाषांतरित व्हावे लागतात. पहिल्या भेटीत गेम क्षणभर अडतो, दुसऱ्या भेटीत अडत नाही, कारण भाषांतर साठवून ठेवलेलं असतं. नवशिका वाचक कठीण शब्दापाशी थांबून शब्दकोश उघडतो, तसंच. कादंबरी वाचताना हे चालून जातं. तलवारीच्या त्या क्षणी नाही चालत, कारण तिथे वेळ हाच शब्द आहे. ज्याला भर्तृहरी वैकृत म्हणाला असता, ते इथे प्राकृत झालेलं आहे.

म्हणून आमचं पहिलं प्रमेय असं : भाषांतराची निष्ठा मोजायला सर्व गेमांना एकच पट्टी लावता येत नाही. गेमचा अर्थ कशात आहे, नियमांत, गोष्टीत की क्षणात, हे आधी ठरवा. मग फ्रेमचा आकडा मोठा की क्षुल्लक ते ठरेल. 'सगळ्या गेमांत मिळून सरासरी इतकी' असे तक्ते पाहून निर्णय घेणं म्हणजे कविता, करार आणि पाककृती या तिन्हींची भाषांतरं एकाच गुणपत्रिकेत बसवणं.

भाषांतर नेहमी मुळापेक्षा उणंच असतं, हा समजही तपासून घ्यायला हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'एल्डन रिंग' आला, तेव्हा चांगल्या विंडोज यंत्रांवरही तो मध्येच अडखळायचा. त्याच सुमारास व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारं हातातलं यंत्र बाजारात आलं होतं. त्यावर विंडोजचे गेम प्रोटॉनमधून चालतात, आणि प्रोटॉनचा गाभा वाइनच आहे. व्हॉल्व्हच्या लोकांनी दुभाष्याच्या पातळीवर दुरुस्ती केली, आणि तपासणाऱ्यांना असं दिसलं की त्या अडखळी डेकवर कमी झाल्या आहेत. हे उदाहरण मॅकचं नाही, पण घराणं तेच. चांगला दुभाषी कधीकधी वक्त्याचं तोतरेपणही झाकून नेतो.

आता 'मूळ' या शब्दाकडे वळू. मॅकवर खेळणारा माणूस पाहुणा आहे आणि विंडोज हे गेमचं माहेर आहे, असं आपण धरून चालतो. इतिहास तसा नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, शिक्षक बाहेर गेले की डॉसवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू व्हायचा. तो गेम १९८९ मध्ये निघाला तो ॲपल टू या यंत्रासाठी. डॉसवर तो नंतर आला. 'मिस्ट' १९९३ मध्ये आधी मॅकवर आला, मग विंडोजवर. 'हेलो'चं उदाहरण तर बोलकं आहे. जुलै १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकवर्ल्डच्या व्यासपीठावरून तो जगाला दाखवला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं तो बनवणारी बंजी कंपनी विकत घेतली, २००१ मध्ये तो एक्सबॉक्ससोबत निघाला, आणि मॅकवर पोचायला डिसेंबर २००३ उजाडला. मग मूळ कुठलं आणि उपरं कुठलं? गेमचं माहेर बरेचदा करारानं ठरतं.

आणि आता ती घटना, जिच्यामुळे आम्ही हा विषय निवडला. मे २०१० मध्ये स्टीम हे दुकान मॅकवर आलं. त्यासोबत 'पोर्टल' हा गेम मॅकसाठी बांधून आला, काही दिवस तर फुकट वाटला गेला. 'हाफ-लाइफ २'ही त्याच महिन्यात आला. या नेटिव्ह आवृत्त्या होत्या, रूढ मताप्रमाणे अस्सल. पण त्या ३२ बिटच्या होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि ॲपलनं ३२ बिटचे कार्यक्रम चालवणं थांबवलं. त्या दिवशी हे गेम, आणि त्यांच्यासारखे कितीतरी, नव्या मॅकवर उघडेनासे झाले. ज्यांनी दुरुस्त आवृत्ती काढायची त्यांना त्यात रस उरला नव्हता.

पण त्याच गेमांच्या विंडोज आवृत्त्या? त्यांचं काय झालं? कोडवीव्हर्सनं डिसेंबर २०१९ मध्ये क्रॉसओव्हर १९ काढलं, आणि ज्या कॅटालिनात ३२ बिटचे मॅक कार्यक्रम बंद पडले होते, तिथेच ३२ बिटचे विंडोज कार्यक्रम चालू ठेवले. त्यासाठी त्यांना कंपायलरमध्ये फेरफार करावे लागले. आज एम मालिकेच्या मॅकवर पोर्टल खेळायचा असेल, तर मॅकचा पोर्टल उपयोगाचा नाही. विंडोजचा पोर्टल घ्यायचा आणि भाषांतरातून चालवायचा.

हे नीट ध्यानात घ्या. अस्सल मुकं झालं आणि जुगाड बोलत राहिलं.

असं का झालं? नेटिव्ह आवृत्ती म्हणजे रूपांतर. किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल मराठी रंगभूमीवर आणलं, तसं. कथा घ्यायची, इथल्या चालीत, इथल्या रंगमंचासाठी नव्यानं बांधायची. प्रयोग देखणा होतो, कारण तो त्या मंचाच्या मापाचा असतो. पण मंच बदलला की तो पुन्हा बसवावा लागतो, आणि बसवणारी मंडळी पांगलेली असतात. दुभाष्याचं तसं नाही. तो एका नाटकाला बांधलेला नसतो. वाइनमधली एक हाक दुरुस्त झाली की ती हाक मारणारे सगळे गेम एकदम सुधारतात, त्यांच्या कर्त्यांना पत्ताही नसला तरी. रूपांतराची काळजी कर्त्याला असते, आणि कर्ता निघून जातो. भाषांतराची काळजी वाचकांच्या समाजाला असते. तो समाज टिकून राहू शकतो. हे आमचं दुसरं प्रमेय.

दुभाष्याचं कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा विश्वासाची. 'व्हॅलोरंट' हा २०२० चा स्पर्धेचा गेम आहे. त्याच्यासोबत व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो, जो विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, बसतो आणि कुणी लबाडी करत नाही ना ते पाहतो. वाइनमध्ये तो गाभाच नाही, म्हणून गेम चालत नाही. चटकन राग येतो. पण विचार करा. लबाडी करणारा कार्यक्रमही गेम आणि यंत्र यांच्या मधेच बसतो, नेमका दुभाष्याच्या जागेवर. प्रामाणिक मध्यस्थ आणि लबाड मध्यस्थ बाहेरून सारखेच दिसतात. दहा जण एकमेकांविरुद्ध खेळतात तिथे हा संशय समजण्यासारखा आहे. एकट्यानं खेळायच्या गेमात असा पहारेकरी बसवला, तर मात्र समर्थन अवघड आहे, कारण तिथे फसवायला कुणी दुसरा नाही.

दुसरी मर्यादा जमिनीची. वाइन लोकांचं आहे, पण त्याच्याखालचं रोझेटा ॲपलचं आहे. २००६ मध्ये आलेलं पहिलं रोझेटा २०११ मध्ये लायन आवृत्तीत काढून टाकलं गेलं. दुसऱ्याबद्दल ॲपलनं २०२५ मध्ये सांगितलं आहे की सर्वसाधारण वापरासाठी ते मॅकओएस २७ पर्यंत राहील. त्यानंतर ज्यांची देखभाल कुणी करत नाही अशा जुन्या गेमांसाठी त्याचा काही भाग ठेवला जाईल. हा भाग किती, आणि वाइनला त्यातलं किती लाभेल, यावर हजारो गेमांचं मॅकवरचं भवितव्य ठरेल. दुभाषी कितीही निष्ठावान असला तरी तो दुसऱ्याच्या ओसरीवर उभा आहे. ॲपलवरची आमची टीका इथे आहे. गेम पोर्टिंग टूलकिट हे गेम बनवणाऱ्यांनी आपला गेम मॅकवर कसा चालेल हे आजमावण्यासाठी म्हणून पुढे आलं. लोकांनी ते खेळण्यासाठी वापरलं, कारण गरज तीच होती. जी वस्तू लोक आसरा म्हणून वापरताहेत, तिला नमुना म्हणत राहणं पुरेसं नाही.

तिसरी मर्यादा पैशांची, आणि ती आपल्याकडे बोट दाखवते. व्हिस्की नावाचं एक फुकट, वापरायला सोपं साधन मॅकवर लोकप्रिय झालं होतं. २०२५ मध्ये त्याच्या कर्त्यानं ते थांबवलं आणि लोकांना क्रॉसओव्हर घ्यायला सांगितलं. ज्या कामावर आपलं साधन उभं आहे, त्या कामाचंच उत्पन्न यामुळे घटू शकतं, अशी त्याची चिंता होती. खुलं म्हणजे फुकट उगवलेलं, असं आपण समजतो. दुभाष्याच्याही घरी चूल असते.

एक गंभीर आक्षेप घेऊन संपवू. कुणी म्हणेल, भाषांतर इतकं सोयीचं झालं तर मॅकसाठी कोण लिहील? आक्षेपाला आधार आहे. आयबीएमच्या ओएस/२ नं १९९२ मध्ये विंडोजचे कार्यक्रम उत्तम चालवून दाखवले, 'विंडोजपेक्षा चांगलं विंडोज' अशी त्याची जाहिरातच होती. परिणाम असा झाला की ओएस/२ साठी वेगळं लिहायचं कारणच पुष्कळांना उरलं नाही. पण आजचं चित्र इतकं एकेरी नाही. 'बाल्डर्स गेट ३' सप्टेंबर २०२३ मध्ये आणि 'सायबरपंक २०७७' जुलै २०२५ मध्ये मॅकसाठी बांधून आले, आणि दोन्ही टूलकिट जाहीर झाल्यानंतर. भाषांतर वाचून मुळाची ओढ लागते, हे साहित्यात आपण पाहिलेलं आहे. आम्हाला दोन्ही हवंत : आज देखणा प्रयोग, आणि उद्यासाठी दुभाषी.

तेव्हा गेम घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. याचा अर्थ क्षणात आहे की नियमांत? यात कुणी पहारेकरी बसला आहे का? आणि मॅक व विंडोज या दोन्ही आवृत्त्या एकाच खरेदीत मिळतात का? तिसरा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. आज मॅकची आवृत्ती खेळा, पण विंडोजची प्रत हातची सोडू नका. पुढे कदाचित तीच उघडेल.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, मग नवीन विद्यार्थ्यानं मॅक घ्यावा की विंडोज?

उत्तर : स्पर्धेचे गेम हेच मुख्य वेड असेल तर विंडोज घ्या, वाद नको. अभ्यासासाठी मॅक घेतलेलाच असेल, आणि एकट्यानं, सावकाश खेळायची सवय असेल, तर दुसरं यंत्र घेण्याची घाई करू नका. क्रॉसओव्हर काही दिवस वापरून पाहता येतं. आपला एक आवडता गेम लावून पाहा आणि मग ठरवा. दुसऱ्याच्या आकड्यांपेक्षा आपला अनुभव जवळचा.

प्रश्न : पण शेवटी हे सगळे गेमच ना? इतकी काळजी कशासाठी?

उत्तर : लोकांनी एकेकाळी नाटकांच्या संहिताही जपल्या नाहीत, लावण्या जपल्या नाहीत, करमणुकीचीच तर गोष्ट, म्हणून. कुठलं काम पुढच्या पिढीला मोलाचं वाटेल हे आज आपण ठरवू शकत नाही. ते उघडता येईल एवढी सोय ठेवणं आपल्या हातात आहे. ती सोय या घटकेला काही दुभाष्यांच्या जिवावर चालली आहे, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

वेळ झाली आहे, इथे थांबू.